हातचा न घेता

आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून सलग सहावं वर्ष. परवा मेंटेनन्सच्या वसुलीची शीट लॅपटॉपवर उघडी टाकून चहा आणायला आत गेलो, तेवढ्यात नात खुर्चीत येऊन बसली. सहावीत आहे. रिकामा चौकोन दिसला की त्यात काहीतरी टाकल्याशिवाय तिला चैन पडत नाही. कप घेऊन बाहेर आलो तर बी-विंगच्या थकबाकीच्या खालच्या चौकोनात तिनं नऊ वेळा एक, गुणिले, पुन्हा नऊ वेळा एक असं सूत्र ठोकून दिलं होतं.

"आबा, बघ ना काय आलं!"

आधी तर दशांशचिन्ह आणि मध्येच एक 'ई' असलं काहीतरी दिसत होतं. मी रकाना रुंद केला, फॉरमॅट बदलला, तेव्हा पूर्ण आकडा उलगडला: १२३४५६७८९८७६५४३००.

"चुकलंय हे," मी म्हटलं.

"कॉम्प्युटर कसा चुकेल?"

"एककाच्या घरात एक गुणिले एक. शेवटी शून्य येईलच कुठून?"

यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिला आदर म्हणत नाहीत, पण निदान शंका तरी होती. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. त्यातली पहिली बरीचशी जाडजूड लेजरांवर, कॉम्प्युटर येण्याच्या आधीची. यंत्रानं दिलेली बेरीज खरी का हे बघायची खोड तेव्हा लागली, ती आजही सुटत नाही. वाण्याचं बिलसुद्धा मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून बघतो. ही म्हणते, तुमच्याबरोबर यायची लाज वाटते.

या शीटच्या प्रोग्रॅमचा प्रामाणिकपणा पंधरा अंकांपर्यंतचा. त्यापुढच्या घरांत तो शून्यं लावून मोकळा होतो. बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटर असे आकडे ज्या साच्यात ठेवतो, त्यात ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या सगळ्या पूर्ण संख्या नीट बसतात. त्याच्यापुढे दुपटीपर्यंत फक्त सम संख्यांना जागा. आपला आकडा त्या हद्दीच्या पलीकडचा आणि वर विषम. डोंबिवली फास्टला चौथी सीट तरी मिळते, याला तीही नाही.

मग चौकटींची वही काढली. हे मुद्दाम सांगतो, कारण हा गुणाकार चौकटींच्या वहीतच करावा, साध्या कागदावर मजा येत नाही. वरच्या ओळीत नऊ एक. पुढच्या ओळीत पुन्हा नऊ एक, पण एक घर डावीकडे सरकवून. तिसरी ओळ आणखी एक घर. अशा नऊ ओळी. गुणाकार म्हणावा असं त्यात काही नाहीच, कारण एकानं गुणायचं म्हणजे वरचं खाली उतरवायचं. ओळी संपल्या की कागदावर एक तिरकी वीट तयार होते. आता उभे खांब मोजायचे. अगदी उजव्या खांबात एकच एक. त्याच्या शेजारी दोन. मग तीन. चढत चढत मधल्या खांबात नऊ, आणि तिथून पलीकडे आठ, सात, सहा असं उतरत शेवटी पुन्हा एक. सतरा खांब.

१२३४५६७८९८७६५४३२१

"हातचा कुठेच नाही आला," ती म्हणाली.

हे तिच्या लक्षात आलं याचा मला त्या आकड्यापेक्षा जास्त आनंद झाला. कारण सगळी गोम तिथेच आहे. सगळ्यात उंच खांब नऊचा. नऊ एका घरात मावतात, दहा मावत नाहीत. म्हणून प्रत्येक खांबाची उंची जशीच्या तशी खाली उतरली आणि जिना उभा राहिला.

हा आकडा वाचायचा कसा, हा पुढचा प्रश्न. कोटीच्या पुढे आपण सगळे चाचपडतो. माझ्या वडिलांच्या लहानपणी संध्याकाळी परवचा म्हणताना 'एकं दहं शतं' पार परार्धापर्यंत जायचं. ती यादी भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, अठरा स्थानांची. प्रत्येक घराला स्वतंत्र नाव असल्यामुळे हा आकडा तिच्यात फार सुरेख बसतो: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग उतार, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. शिखरावरचे नऊ बरोबर अर्बुदावर, म्हणजे आपल्या बोलीत दशकोटीच्या घरात. सेकंदाला एक या वेगानं कुणी इथपर्यंत मोजायला बसलं तर साधारण ३९ कोटी वर्षं लागतील. चहा तोपर्यंत गार होतो.

आता मुख्य गोष्ट. या जातीच्या आकड्यांना गणितात जे नाव आहे ते आमच्या गावाचं आहे. आमच्या म्हणजे डोंबिवलीच्या.

मी इथं १९८६ मध्ये राहायला आलो आणि पुढची तीस वर्षं सकाळी लोकलमध्ये लोंबकळत फोर्टला गेलो. एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. रिटायर झाल्यावर समजलं. द. रा. कापरेकरांचं नाव अर्थात ऐकून होतो, ते ६१७४ वाले. चार अंक घ्या (सगळे सारखे नकोत), उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमातले वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ वर येऊन अडकता. तो आकडा जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. पण त्याच्याही आधी त्यांनी 'डेम्लो संख्या' मांडल्या होत्या. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन, आजची डोंबिवली. कल्पना सुचली ती तिथं, म्हणून नाव तिथलं.

मला हे फार आवडतं. दुसऱ्या कुणाला काही सुचलं असतं तर त्यानं स्वतःचं, गुरूचं, नाहीतर ग्रीक देवाचं नाव दिलं असतं. या माणसानं स्टेशनचं दिलं. पुढे दुसऱ्या एका प्रकारच्या संख्यांना देवळालीचंही दिलं. तिथं ते शाळेत मास्तर होते, १९३० ते १९६२. जन्म डहाणूचा, १९०५ मधला. शाळा ठाण्यात, कॉलेज फर्ग्युसन. कॉलेजात असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. त्यापुढे विद्यापीठाची मोठी पदवी नाही, संशोधनाची नोकरी नाही. मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचं. १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात के. आर. गुंजीकर आणि कापरेकर अशा दोघांच्या नावानं डेम्लो संख्यांच्या सिद्धांतावर लेख आला. तरी आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात कापरेकरांवर लिहिलं आणि मग बाहेरच्यांबरोबर आपल्याही लोकांना ते दिसायला लागले. तोवर ते सत्तरीत होते. १९८६ मध्ये गेले. म्हणजे मी डोंबिवलीत सामान उतरवलं त्याच वर्षी. याला काही अर्थ नाही, पण आकड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला असल्या गोष्टी टोचतात.

तर डेम्लो संख्या म्हणजे काय? आकड्याचे तीन भाग पडले पाहिजेत. मधल्या भागात एकच अंक, कितीही वेळा. आणि पहिला भाग अधिक शेवटचा भाग केला की बेरजेतही सगळीकडे तोच अंक यावा. उदाहरणार्थ २५५३: मध्ये पाच-पाच, आणि दोन अधिक तीन पाच. एकांच्या वर्गांना तर कापरेकरांनी अद्भुतच म्हटलं. १२१ बघा, एक अधिक एक दोन, मध्ये दोन. १२३२१ मध्ये १२ अधिक २१ तेहेतीस, मध्ये तीन. आपल्या आकड्याला हीच कात्री लावायची:

१२३४५६७८ । ९ । ८७६५४३२१

दोन्ही टोकं एकाखाली एक ठेवून नातीला बेरीज करायला सांगितली. एक आणि आठ नऊ, दोन आणि सात नऊ, तीन आणि सहा नऊ… ९९९९९९९९. आठ वेळा नऊ, आणि इथंही हातचा नाही. गंमत म्हणून मधला नऊ उजव्या भागाला जोडून दिला, १२३४५६७८ अधिक ९८७६५४३२१, तर उत्तर ९९९९९९९९९. आता नऊ वेळा नऊ. कुठूनही कापा, नऊ निघतात.

हे का होतं ते माझ्या जुन्या धंद्याच्या अंगानं सांगतो, मला तेच जमतं.

लेजरच्या काळात बॅलन्सिंगच्या दिवशी डिफरन्स आला की घरी जायचं नाव नसायचं. खात्यांची बेरीज एक सांगते, जनरल लेजर दुसरं. अशा वेळी आमचे एक सीनियर पहिला प्रश्न विचारायचे: "नवानं भाग जातो का?" जात असेल तर बहुतेक कुणीतरी अंक उलटे मांडलेत. ३६४० चे ३४६० झाले की फरक १८०, म्हणजे नऊ वीस. कुठल्याही दोन शेजारच्या अंकांची अदलाबदल करा, फरक नवाच्या पाढ्यातच येतो. कारण दहाच्या घरातला अंक एककात आला की तो स्वतःच्या नऊपट घटतो. एकदा रात्री साडेनऊला एकशेऐंशीचा असाच फरक सापडला होता, माझ्याच अक्षरात. त्या सीनियरनी काही न बोलता मला डब्यातली उरलेली पोळी दिली.

दुसरं शस्त्र म्हणजे नऊ टाकणं. आकड्यातले अंक मिळवत जायचे, नऊ झाले की टाकून द्यायचे, उरेल तो शेष. आता हे एका अंकाच्या ऐवजी नऊ-नऊ अंकांच्या तुकड्यांनी केलं तर? तुकडे मिळवले की ९९९९९९९९९ नं भागल्यावरचा शेष कळतो. तोच नियम, फक्त माप मोठं. म्हणजे आपण मघाशी आकडा कापून बेरीज केली तेव्हा नकळत एवढंच तपासलं की ९९९९९९९९९ नं याला भाग जातो का. जातो. जायलाच हवा: ९९९९९९९९९ म्हणजे नऊ गुणिले १११११११११. आपल्या आकड्यात १११११११११ दोनदा आहे. एक सरळ खर्ची पडला. राहिला नऊ, तो दुसऱ्यातून काढायचा, आणि दुसऱ्याच्या अंकांची बेरीज नऊच आहे. हिशेब मिटला. शिल्लक काय राहिलं? १११११११११ भागिले नऊ, म्हणजे १२३४५६७९.

हा १२३४५६७९ लोकलच्या डब्यात पुष्कळांच्या ओळखीचा. आमच्या ग्रुपमध्ये एकजण नवीन भिडू आला की त्याला विचारायचा, आवडता अंक सांग. सात म्हटलं की म्हणायचा, १२३४५६७९ ला ६३ नं गुण. कुर्ला येईपर्यंत तो बिचारा पेपरच्या कडेला गुणत बसायचा आणि उत्तर यायचं ७७७७७७७७७. नऊ सत्ते त्रेसष्ट, बाकी काही नाही. पण यात आठ का नाही, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही, मीही नाही. त्याच्याकडे येतो.

आधी दुसरी एक गोष्ट. आपला आकडा ९९९९९९९९९ गुणिले १२३४५६७९ आहे, हे कळलं की तो बनतो कसा तेही दिसतं. नऊ नवांनी गुणणं म्हणजे पुढे नऊ शून्यं देऊन मूळ आकडा वजा करणं. १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा. डावीकडचा तुकडा एकानं घटून १२३४५६७८ झाला. तिथं हरवलेला आठ परत आला बघा. उजवीकडे राहिला ९८७६५४३२१. वजाबाकीत उसना घेतला आणि जिना पूर्ण झाला.

अंकांची बेरीज? एकपासून नऊपर्यंत चढताना ४५, उतरताना ३६, एकूण ८१. आणि ८१ नं या आकड्याला निःशेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नावही कापरेकरांचंच, हर्ष देणारी ती हर्षद. इथं जपून. अंकांची बेरीज ८१ आली म्हणून ८१ नं भाग जाईलच असं नसतं. नवाला जो नियम चालतो तो ८१ ला चालत नाही. इथं जातो तो १११११११११ ला नवानं भाग जातो म्हणून, आणि वर्गात नऊ दोनदा येतो म्हणून. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग, १५२४१५७८९९७१०४१. दिसायला अगदी सामान्य आकडा, शेजारच्या बिल्डिंगमधल्या मीटर नंबरासारखा. जिना वगैरे काही नाही. अशा चारचौघांसारख्या आकड्याच्या पोटात एवढं घराणं असतं, हे मला कापरेकरांच्याही आधी पगाराच्या शीटनं शिकवायला हवं होतं.

आणखी खोल उतरलं तर मूळ अवयव सापडतात. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. पैकी १११ म्हणजे तीन गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे तीन गुणिले ३३३६६७. हा ३३३६६७ मूळ संख्या आहे, त्याला पुढे कुणी फोडू शकत नाही. म्हणजे वर्गात तीन चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. सगळा सतरा अंकी डोलारा या तीन माणसांच्या खांद्यावर. यावरून विभाजक मोजायचे तर पाच गुणिले तीन गुणिले तीन, ४५. आता ४५ म्हणजे पुन्हा एकपासून नऊपर्यंतची बेरीज! पण हा निव्वळ योगायोग आहे आणि मी त्याला भाव देत नाही. आकड्यांत रमणाऱ्या माणसानं कुठे थांबायचं हे ठरवून ठेवलेलं बरं, नाहीतर माणूस गाडीच्या नंबरप्लेटचे अंक मिळवत सिग्नलला उभा राहतो. मी राहतो.

४५ वरून आठवलं. मागच्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर २०२५ चं कौतुक फिरत होतं: २० अधिक २५ पंचेचाळीस, आणि ४५ चा वर्ग २०२५. पाठवणाऱ्या दहातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की असल्या संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. वर्ग करा, मधून कापा, तुकडे मिळवा, मूळ संख्या परत. ५५ चा वर्ग ३०२५, ३० आणि २५ पंचावन्न. २९७ चा ८८२०९, ८८ आणि २०९. सापडायला सोप्या नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पोरखेळ म्हणणाऱ्यांचंही एक म्हणणं मला पटतं, ते लपवत नाही. तीन, ३७ आणि ३३३६६७ हे या संख्येचे अवयव आहेत. ती कशीही लिहा, ते बदलणार नाहीत. ती पूर्ण वर्ग आहे, हेही कुणी काढून घेऊ शकत नाही. पण जिना? जिना आपल्या लिहिण्याचा आहे. आपण दहाच्या गठ्ठ्यांत मोजतो म्हणून नऊपर्यंत चढतो. आठाच्या गठ्ठ्यांत मोजणारे लोक असते तर त्यांनी सात एकांचा वर्ग केला असता आणि त्यांचा जिना सातवर जाऊन उतरला असता, १२३४५६७६५४३२१. तोही तितकाच देखणा, पण संख्या निराळीच. म्हणजे जिना हा अंगरखा. खरं आहे. पण माणूस अंगरखा घालूनच भेटतो, आणि देवळालीच्या मास्तरांना आयुष्यभर शिंप्याचं कामही मनापासून आवडलं, यात कमीपणा काय आहे ते मला कळत नाही.

हे सगळं अर्थात मी नातीला सांगितलं नाही, कापरेकर संख्या तेवढ्या सांगितल्या. तिला वेगळीच घाई झाली होती.

"आता दहा एक घेऊ?"

वही आडवी केली, कारण आता एकोणीस घरं लागणार. लीलावतीची यादी अठराव्या घरात, परार्धावर संपते. हा आकडा तिच्या बाहेरचा. दहा ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे. मग खांब. उजवीकडून एक, दोन, तीन, नऊपर्यंत सगळं नीट. दहावा खांब आला. त्यात दहा.

"शून्य लिही, हातचा एक."

अकराव्या खांबात नऊ होते, हातच्यासकट दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. बाराव्यात आठ, अधिक एक नऊ. इथं हातचा विझला. तेराव्यात सात, आणि तिथून सरळ खाली, एकपर्यंत.

१२३४५६७९००९८७६५४३२१

तिचा चेहरा उतरला. "बिघडलं."

बिघडलंच होतं. शिखराच्या जागी दोन शून्यांचा खड्डा, आणि डाव्या बाजूला सातनंतर एकदम नऊ. आठ गायब. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की लोकलमधल्या १२३४५६७९ मधला आठ याच रस्त्यानं गेला. एक भागिले ८१ करून बघा: शून्य दशांश शून्य एक दोन तीन चार पाच सहा सात नऊ, आणि पुन्हा शून्यापासून तेच. आतून तिथं एक, दोन, तीन, … आठ, नऊ, दहा असेच खांब उभे असतात. दहाच्या खांबातला हातचा नवाला जातो, नवाचे दहा होतात, त्यांचा हातचा आठाला जातो आणि आठाचा नऊ होतो. आठ हरवलेला नाहीच. त्याच्या घरी हातचा राहायला आलाय.

"थांब," मी म्हटलं, "कापून मिळवू."

खरं सांगायचं तर मला काय येणार ते आधी दिसलं होतं. दहा नवांच्या ९९९९९९९९९९ नं भागायचं, आणि तो म्हणजे नऊ गुणिले ११११११११११. एक ११११११११११ पुन्हा सरळ खर्ची. पण दुसऱ्याच्या अंकांची बेरीज आता दहा. नवानं भागलं तर एक उरतो. एक काय उरतो, तर एक अख्खा ११११११११११. पण हे तोंडानं सांगून त्याची चव घालवण्यात अर्थ नव्हता. मी फक्त उजवीकडून दहा घरं मोजून रेघ मारली.

१२३४५६७९० । ०९८७६५४३२१

तिनं एकाखाली एक मांडलं आणि उजवीकडून सुरुवात केली. शून्य आणि एक, एक. नऊ आणि दोन अकरा, एक लिहिला, हातचा एक. सात आणि तीन दहा, हातचा धरून अकरा. एक, हातचा एक. सहा आणि चार, अकरा. पाच आणि पाच, अकरा. चौथ्या अकरानंतर ती मोठ्यानं म्हणायची थांबली, नुसती पेन्सिल चालत होती. मघाच्या बेरजेत एकाही खांबाला हातचा नव्हता; हिच्यात दुसऱ्या खांबापासून पुढे प्रत्येकाला आहे. चार आणि सहा, तीन आणि सात, दोन आणि आठ, एक आणि नऊ. शेवटच्या डाव्या खांबात दोन्हीकडे मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तिथं तेवढा हातचा उतरला.

मग तिनं पेन्सिलीच्या टोकानं एक-एक करून मोजले. दहा.

"म्हणजे ही ती… कापरेकर?"

"तीच."

एकोणीस एकांचंही असंच होतं, हे मी सांगितलं आणि चूक केली, कारण जेवायला बोलावणं येईपर्यंत ती वहीची दोन पानं एकमेकांना चिकटवत बसली. ही आतून दोनदा ओरडली, तिसऱ्यांदा बाहेर येऊन वहीकडे बघून म्हणाली, "मेथी निवडून मिळणार आहे का आज?"

या गडबडीत शीटमधलं ते सूत्र पुसायचं राहून गेलं. बेरजेच्या पट्ट्यात तोही चौकोन धरलेला होता. रविवारी मीटिंगला मी शीट भिंतीवर लावली, आणि बी-विंगचे सेक्रेटरी उठून म्हणाले की थकबाकी आहे हे मान्य, पण एवढी नसावी.